कुंपणातलं पाडस

सन २००० मधला मे महिन्यातला शेवटचा रविवार. ट्रकच्या फळीवरून मी मक्याच्या पावाची थाळी उतरवत होते आणि सासूबाई वर थडग्यांकडे गेल्या होत्या. केंटकीच्या आमच्या डोंगरांत त्या दिवशी जो तो आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं वाहतो. घरातलं सर्वांत मोठं माणूस आधी एकटंच आत जातं, गेलेल्यांशी बोलून घेतं. बाकीच्यांनी तोवर जेवणाची मांडामांड करायची.

सासूबाईंचं नाव व्हर्डी. वय ब्याऐंशी. एकतीस वर्षं त्यांनी शाळेच्या फरशा पुसल्या. आता नजर इतकी गेली होती की समोरचं माणूस सावलीसारखं दिसायचं.

कंपनीने कोळशासाठी त्या डोंगराचा माथाच कापून नेला होता आणि वर गवत पेरलं होतं. आमची थडगी आणि त्यांच्याभोवतीचे अकरा ओक तेवढे राहिले. त्या गवतावर सरकारने एल्क आणून सोडले. एल्क म्हणजे घोड्याएवढं सांबर. आमच्याकडचे एल्क पणजोबांच्याही आधी मारून संपले होते, हे ट्रकमधून पश्चिमेकडून आणलेले. ते उतरताना बघायला अख्खं खोरं लोटलं होतं. मीही गेले होते, ट्रकच्या टपावर चढून टाळ्या वाजवल्या होत्या. पण पुढच्याच वर्षी त्यांनी थडग्यांवरची फुलं खाल्ली, अंग घासून दगड पाडले. सासऱ्यांचा दगड दोनदा पडला. तेव्हा एस्टिलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, खाणीतली जुनी जाळी आणून डोक्याच्याही वर जाईल असं कुंपण घातलं, आणि आत गेलं की कडी लावायची असं सगळ्यांना बजावलं.

आदल्या दिवशी, शनिवारी, गवत कापणाऱ्यांनी फाटक उघडं टाकलं. त्या उघड्याबोडक्या माळावर आडोसा तेवढाच, म्हणून एक मादी आत जाऊन व्याली. पाडसाला गवतात दडवून चरायला जायचं, ही त्यांची रीत. ती बाहेर गेली, आणि सासूबाईंनी आत जाऊन लेकाने सांगितल्याप्रमाणे कडी लावून घेतली.

हे सगळं आम्ही मागाहून जुळवलं. त्या क्षणी दिसली ती कुंपणाला धडका देणारी मादी. कान मागे पाडलेले, दात करकरत होते. पुढच्या पायाने ती जाळीवर मारत होती आणि प्रत्येक फटक्याला खांब हलत होता. आम्ही पन्नास पावलांवर.

एस्टिलने सीटमागची बंदूक काढली.

"ओमा, बाजूला हो."

"आई तिच्या पलीकडेच बसल्यात."

"दिसतंय मला."

"आणि तुझा हात? तो दिसतोय का?"

नळी थरथरत होती. तीस वर्षांची कोळशाची धूळ त्याच्या छातीत होती, नेम धरण्यापुरताही श्वास रोखता येत नव्हता.

"मग काय करू? तळलेली कोंबडी खात बसू?"

मी भित्रीच. तो खाणीत उतरायचा तेव्हा अपघाताच्या भोंग्याकडे कान लावून मी भांडी घासायचे. पण त्या दिवसासारखी भीती मला आधी कधी वाटली नव्हती. मादीची भीती होती, त्याहून त्या हाताची.

आतून सासूबाईंचा आवाज आला. "एस्टिल, हे धापा कोण टाकतंय?"

"एल्क आहे, आई. हलू नकोस."

त्या खाली वाकल्या. हाताने चाचपलं, वास घेतला.

"हिचं बाळ आहे इथं. अजून ओलं आहे." मग म्हणाल्या, "कडी काढते मी."

"आई, तुडवेल ती तुला."

"तुझा बाप खाली अडकला तेव्हा कंपनीने आम्हा बायकांना दोन दिवस फाटकाबाहेर उभं केलं होतं. तू माझ्या कडेवर होतास. बंदूक काढली असशील, ती खाली ठेव."

त्या एकेक दगड चाचपत निघाल्या. आधी नवरा, मग दीर, मग त्यांच्या दोन तान्ह्या मुली. मादी जाळीला समांतर त्यांच्याबरोबर चालू लागली. मी डोळे मिटून घेतले. कडीचा आवाज ऐकला आणि उघडले. सासूबाईंनी फाटक आपल्याकडे ओढून घेतलं होतं, त्या मागच्या जाळीच्या आणि फाटकाच्या बेचक्यात उभ्या होत्या. मादीने आत शिरता शिरता फाटकावर एक लाथ हाणली. सासूबाई गुडघ्यांवर बसल्या, पण फाटक सोडलं नाही.

वीस मिनिटं ती पाडसाला चाटत होती. चार हातांवर सासूबाई. एस्टिल रडत होता आणि मी त्याच्या तोंडावर हात दाबून धरला होता. शेवटी पाडस लटपटत उभं राहिलं आणि दोघं सासूबाईंसमोरून गवतात निघून गेली.

मी धावले. त्यांनी माझा दंड धरून जवळ ओढलं.

"ट्रकमधली चादर आण. झगा ओला झालाय माझा. एस्टिलला कळू देऊ नकोस."

चादर गुंडाळून त्या जेवायला बसल्या आणि थंडी वाजतेय म्हणाल्या. डोक्यावर कडक ऊन होतं. एस्टिलने आपलाही कोट त्यांना घातला. त्यांना जाऊन आता इतकी वर्षं झाली, म्हणून सांगते.

त्या पुढे तीन वर्षं जगल्या, झोपेतच गेल्या. एल्कच्या शिकारीच्या परवान्यांची सोडत सुरू झाली, तेव्हा एस्टिल दरवर्षी नाव घालायचा. नाव कधी निघालं नाही आणि २००९ मध्ये छातीने त्याला नेलं. मादीचं आणि पाडसाचं काय झालं कोण सांगणार. आता तिथे हजारो आहेत, लांबलांबची माणसं दुर्बिणी घेऊन बघायला येतात.

मी गावात मुलीकडे, रेनाकडे राहते. मे महिन्यात रेना मला वर घेऊन जाते. आता घरात मोठी मीच, आधी मीच आत जायचं. मी गाडीत बसून राहते, काच वर करून. गुडघे धरलेत, तूच फुलं वाहून ये, असं तिला सांगते.

गुडघे माझे चांगले आहेत.