जेवायला चला

मच्छिंद्र अण्णांना कवितेतलं ओ की ठो कळत नव्हतं. जन्म मार्केट यार्डात कांदा तोलण्यात गेला. पण बायको, मुक्ताई, गेली आणि कात्रजच्या दोन खोल्यांत माणसाचा आवाज म्हणून राहिला नाही. टीव्ही होता, पण त्याला काही विचारलं तरी तो आपलंच दामटायचा. मग कुणीतरी सांगितलं, नारायण पेठेत दर रविवारी कवी जमतात, कुणीही जाऊन बसावं. अण्णा मागच्या खुर्चीवर बसायला लागले.

आणि काय सांगायचं, ती पोरं अगदी अण्णांच्याच घरातलं वाचायची! राजस नावाचा दाढीवाला म्हणायचा, पंख्याचे फेरे मोजत पडलोय. स्पृहा म्हणायची, दुपार सरत नाही, दाराची बेल कुणी वाजवत नाही. अण्णांचे डोळे भरायचे. अरे, एवढी एकटी लेकरं, आणि आपण एकट्यापुरतं शिजवतोय?

त्या रविवारी अण्णांनी पातेलंभर पिठलं केलं, भाकऱ्या थापल्या, आणि बसनं पेठेत आले. जमलेल्यांत मधे उभे राहिले.

"घरी पिठलं केलंय," अण्णा म्हणाले. "जास्त झालंय. एकट्याला जात नाही. कुणीतरी चला."

मग राजस मांडीवर थाप मारून म्हणाला, "वा, अण्णा! क्या बात है!"

कार्यक्रम चालवणाऱ्या कल्याणीताई पुढं वाकल्या. "शेवटची ओळ पुन्हा होऊ द्या." आवडलेली ओळ पुन्हा म्हणायला लावायची, ही तिथली रीत.

"ओळ नाही हो ताई. खरंच चला. कात्रजला. बस मिळते."

"बस मिळते!" स्पृहानं छातीवर हात ठेवला. "कसला शेवट केलाय!"

"आणि आम्ही समजत होतो, अण्णा नुसते चहाला येतात," कुणीतरी म्हणालं.

टाळ्या पडल्या. अण्णांना वाटलं, खुर्ची उचलून आपटावी. पण मुक्ताई गेल्यापासून एवढ्या माणसांनी एकदम त्यांच्याकडं पाहिलं नव्हतं. ते घुटमळले. मग कवी थांबतात तसे, थांबत थांबत, म्हणाले, "कुणीतरी... चला."

टाळ्या आधीपेक्षा जोरात.

कार्यक्रम संपला. जिन्यात राजसनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या रविवारी नवीन आणा हं, अण्णा."

"नवीन कुठनं आणू रे बाबा?" अण्णांनी विचारलं. पण तोवर त्यानं कानात इअरफोन घातले होते.