माझी प्युपिल

मावशीच्या डोळ्यांत थेंब घालून नर्स म्हणाली, "आता डोळे मिटून बसा. आणि तुम्ही हो, त्यांना काही वाचू देऊ नका." हे भाचीला उद्देशून होतं. मावशी जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. दवाखान्यात पाऊल टाकल्या टाकल्या तिने भिंतीवरच्या पाटीतली स्पेलिंगची चूक मोठ्याने वाचून दाखवली होती.

भाची बेकरीतून थेट आली होती. पहाटेपासून भट्टीपुढे उभी, केसांत मैदा तसाच. इथे पडदे ओढलेले, कोपऱ्यात एक मंद दिवा आणि ओळीने मांडलेल्या खुर्च्यांवर डोळे मिटून बसलेली माणसं. जणू सगळे एकाच झोपेत शिरले होते आणि आपापलं स्वप्न बघत होते. भाचीलाही गुंगी यायला लागली.

काही वेळाने नर्सने येऊन मावशीच्या डोळ्यांत टॉर्च मारला. "प्युपिल अजून हवं तेवढं मोठं झालेलं नाही. बसा थोडा वेळ."

त्या शब्दासरशी भाचीची गुंगी उतरली.

आईवडील अपघातात गेले तेव्हा तिला बुटाची नाडीही बांधता येत नव्हती. मावशीने तिला घरी आणलं. पाहुणे आले की विचारायचे, ही कोण? मावशी तिच्या डोक्यावर हात ठेवून इंग्रजीत सांगायची, "माय प्युपिल." शाळेत गेल्यावर तिला अर्थ कळला. विद्यार्थिनी. म्हणजे मावशीच्या वर्गातल्या बाकीच्या पोरींसारखीच एक. मुलगी नाही, भाचीसुद्धा नाही. ते तिच्या मनाला लागलं. तिने इंग्रजीवर जो राग धरला तो धरलाच. पुढे तिने पिठात हात घातले, तेव्हा मावशी कितीतरी दिवस तोंड फुगवून होती. पण त्या शब्दाबद्दल भाचीने कधी विचारलं नाही. आज अंधारात, मावशीचे डोळे मिटलेले असताना, ते तोंडून निघून गेलं.

"मावशी, मी तुझी प्युपिल आहे असं का सांगायचीस गं सगळ्यांना?"

"होतीस म्हणून."

"मी काय तुझ्याकडे शिकवणीला आले होते?"

मावशीने खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं. मग हळूच म्हणाली, "शिकवणी नंतरची. मुळात लॅटिनमध्ये त्याचा अर्थ लहान मुलगी, बाहुली. मग ज्या पोराला आईबाप नाहीत आणि दुसरं कुणी सांभाळतंय, ते पोर. इंग्रजीत तो शब्द आला तो हाच अर्थ घेऊन. विद्यार्थी वगैरे मागाहून चिकटलं."

"आणि डोळ्यातलं?"

"कुणाच्या डोळ्यात निरखून बघितलं की आपण इवलेसे दिसतो ना, बाहुलीएवढे? म्हणून तेही प्युपिल. आपणही डोळ्यातली बाहुलीच म्हणतो. दोन्हीकडच्या माणसांना तेच दिसलं."

भाची हातावरची भाजल्याची खूण चोळत राहिली. "मुलगी म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"मुलगी माझ्या बहिणीची. ती गेली म्हणून तिचा शब्द मी घेऊन टाकायचा? वाटायचं घ्यावा. तू झोपेत आई म्हणून हाक मारायचीस. मी ओ द्यायला तोंड उघडायचे आणि पुन्हा मिटायचे. भाची म्हणावं तर फार लांबचं वाटायचं. मग हा सापडला. त्यात सगळं बसत होतं."

"तुझ्या एकटीच्या डोक्यात बसत होतं. मला त्यातलं विद्यार्थिनी एवढंच कळलं."

"विचारायचंस."

"सांगायचंस."

शेजारच्या खुर्चीतले आजोबा डोळे मिटूनच खाकरले. ते बहुधा सगळं ऐकत होते.

"डोळे उघड बघू," भाची म्हणाली.

मावशीने उघडले. डोळ्यांतला तपकिरी रंग कडेला सरकून त्याची बारीक रेघ तेवढी उरली होती. आत नुसतं काळंभोर, खोल. त्यात दिव्याचा ठिपका तरंगत होता आणि ठिपक्याशेजारी एक इवलीशी बाई वाकून बघत होती. भाचीने मान कलती केली, तिनेही केली. भाची किती तरी वेळ तशीच वाकून राहिली.

"आहेस का तिथे?" मावशीने विचारलं.

"आहे. केस विंचरून यायला हवं होतं."

"मला तर तू ढगासारखी दिसतेयस," मावशी म्हणाली आणि दोघींना हसू आलं. आजोबाही हसले.

डॉक्टरांनी तपासलं. डोळ्याचा पडदा ठीक होता, मोतीबिंदू मात्र काढावा लागणार होता. दोघी बाहेर पडल्या तर ऊन मावशीच्या अंगावर आल्यासारखं झालं. तिने भाचीचा दंड घट्ट धरला. रस्ता, दुकानं, माणसं, सगळं एकमेकांत विरघळून चाललं होतं.

"ते पिवळं काय वाहत गेलं?"

"बस."

"बस असली तरी सुंदर आहे. हळू चल जरा."

भाची हळू चालू लागली. "ऑपरेशन झालं की मी तुझ्याकडे राहायला येते."

"पहाटे उठून खुडबुड करशील."

"करणारच."

"कर," मावशी म्हणाली आणि रस्त्याच्या पलीकडच्या उजेडाकडे बघत, तिच्याबरोबर चालत राहिली.