टाकीतले बारा टक्के

यंत्र आलं त्या दिवशी त्याची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा आमच्या विभागात मी एकटाच होतो. तरी शहादेवमामांनी ते उत्तरेश्वरच्या हातात दिलं.

केज तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात शिकाऊ म्हणून लागून मला तेव्हा सात महिने झाले होते. बॉयलरचा दाब, रसाचं तापमान, टाक्यांमधली पातळी, हे सगळं कंट्रोल रूममधल्या पॅनेलवर आकड्यांत दिसतं. ते आकडे खरे आहेत की नाहीत हे बघणं आमच्या इन्स्ट्रुमेंट विभागाचं काम. शहादेवमामा आमचे फोरमन. शिकाऊ दोघंच. एक मी, धर्मापुरीचा गहिनीनाथ, अंबाजोगाईच्या कॉलेजातून भौतिकशास्त्रात बीएस्सी झालेला. दुसरा उत्तरेश्वर, आष्टीकडचा, आयटीआय झालेला, माझ्या दोन वर्षं आधीपासून इथं असलेला. त्याचे आईवडील यंदा कर्नाटकात न जाता आमच्याच कारखान्याचा ऊस तोडायला आले होते. हंगाम संपताना आमच्यातल्या एकाला कायम करणार होते. दोन वर्षं पाऊस नव्हता, ऊस निम्म्यावर आला होता. दुसरी जागा निघणं शक्यच नव्हतं.

यंत्र जाडजूड मोबाइलएवढं, पिवळ्या रबरी कव्हरातलं, दोन तारांचं. त्याचं काम सोपं आहे. टाकीच्या तळाशी बसवलेला सेन्सर पाण्याच्या उंचीप्रमाणे तारेतून बारीक वीजप्रवाह पाठवतो. टाकी रिकामी असेल तर चार मिलिअँपिअर, काठोकाठ भरली तर वीस. पॅनेल त्याचे टक्के करून दाखवतं. सेन्सरची तार सोडवायची, तिथं हे यंत्र जोडायचं आणि त्याला सांगायचं, बारा पाठव. पॅनेलवर पन्नास टक्के यायला हवेत. हे मला फार आवडलं होतं. एक खोटी टाकी हातात धरायची आणि पॅनेलची परीक्षा घ्यायची.

उत्तरेश्वरने पुस्तिका उघडलीसुद्धा नाही. बटणं दाबून दाबून पाव तासात त्याने सगळं काढलं.

"मामा, हे लई भारी हाय," तो म्हणाला. "टाकीत थेंब नसला तरी पॅनेलला भरल्याली दाखवता येतीय."

"मग जा, चेअरमनला दाखवून ये. खुश हुतील."

दोघं हसले. मलाही हसू आलं होतं. मी हसलो नाही.

त्याच्या बाबतीत माझं असंच होत असे. तो वाफेच्या व्हॉल्व्हवर तळवा ठेवून सांगायचा की हा आत अडकलाय, आणि उघडल्यावर तो अडकलेलाच निघायचा. मी दोन तास मोजमाप करून त्याच निष्कर्षाला यायचो. कँटीनच्या केशरबाई त्याला न मागता दुसरी भाकरी वाढायच्या. मामा त्याला उत्तऱ्या म्हणायचे आणि मला पूर्ण नावाने हाक मारायचे. दुपारी ते दोघं आणि वेल्डर सिदू वर्कशॉपमागच्या लिंबाखाली डबे उघडायचे, तासभर बडबड चालायची. "ये की बे, बीएस्सी," असं उत्तरेश्वरने मला पहिल्या महिन्यात तीनदा तरी बोलावलं होतं. मी टेबलावरच खायचो, पुस्तिका समोर ठेवून.

फेब्रुवारीत तो चुलत बहिणीच्या लग्नाला दोन दिवस गावी गेला. बुधवारी सकाळी मामांनी यंत्र माझ्याकडे दिलं.

"बॉयलरच्या फीडवॉटरची पातळी तेवढी तपास," ते म्हणाले. "बाकी उत्तऱ्या आल्यावर बघू."

मी अकरा वाजता मोकळा झालो. यंत्र अजून हातात होतं आणि ते परत द्यावंसं वाटेना. कच्च्या पाण्याच्या टाकीचा नंबर यादीत पुढचा होता. पॅनेलवरच्या तिच्या इंडिकेटरवर तपासणीचं स्टिकर होतं, खाली उत्तरेश्वरची वेडीवाकडी सही. मी ऑपरेटरला सांगून टाकीची तार सोडवली आणि यंत्र जोडलं.

बारा पाठवले. पॅनेलवर अडतीस आले.

मी तारा पुन्हा घट्ट केल्या. अडतीसच. आठ पाठवले, पंचवीसऐवजी तेरा. सोळाला त्रेसष्ट. वीसला अठ्ठ्याऐंशी. चारला तर उणे बारा. उत्तरेश्वरने सही करून सोडलेलं इंडिकेटर चुकीचं होतं.

मोजमापातल्या चुका कशा असतात हे मी शिकलेलो आहे. तार ओली झाली, कार्ड तापलं, भाग जुना झाला की फरक वाढतो, घटतो, एका टोकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी होतो. सगळीकडे नेमके बारा टक्के, दशांशालाही हलत नाहीत, असा फरक आपोआप पडत नाही. तो आकडा कुणीतरी बसून भरलेला असतो आणि भरणाऱ्याकडे त्याचं काहीतरी कारण असतं. हे माझ्या लक्षात आलं. फोन माझ्या खिशात होता आणि मामा पन्नास पावलांवर होते. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

मी सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा शून्य केला आणि टाकीची तार परत जोडली. पॅनेलवर एकोणिसाचे एकतीस झाले. मग तक्ता आखून अहवाल लिहिला आणि मामांना न दाखवता थेट चीफ इंजिनिअर मोहनरावांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

पाण्याची आमच्याकडे मोठी ओढाताण होती. तलावाचं पाणी आठवड्यातून एकदा, शनिवारी या टाकीत यायचं. पॅनेलवर दहा टक्के आले की कारखान्याने आपला पंप बंद करायचा आणि उरलेलं पाणी ऊसतोड कामगारांच्या कोप्यांसाठी, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांसाठी, आणि त्यांच्या बैलांसाठी ठेवायचं, असा नियम होता. पंप बंद म्हणजे गाळप बंद. मोहनरावांना संचालक रोज फोन करत होते.

"म्हणजे पाणी असून आपण नाही म्हणत होतो?" त्यांनी तक्ता दोनदा वाचला. "बारा टक्के! सव्वा दिवसाचं गाळप आहे हे. आधी कुणी तपासलं होतं?"

"स्टिकरवर उत्तरेश्वरची सही आहे, साहेब."

मी एवढंच म्हणालो. ते खरंही होतं.

मोहनरावांनी माझ्यासमोर क्लार्कला बोलावलं आणि शनिवारच्या बैठकीसाठी कायम करायच्या जागेवर माझं नाव घालायला सांगितलं. त्या दिवशी दुपारी मी पहिल्यांदा लिंबाखाली जाऊन बसलो. मामा कामात होते, सिदू एकटाच होता. त्याने मला लोणचं दिलं.

शुक्रवारी सकाळी आठला कारखान्याच्या दारात बायका उभ्या होत्या. तीस-चाळीस जणी, कळशा आणि प्लॅस्टिकचे ड्रम घेऊन. कोप्यांवरचा नळ पहाटेपासून कोरडा होता. कंट्रोल रूममध्ये पॅनेलवर साडेदहा टक्के दिसत होते, पंप चालू होता. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं.

उत्तरेश्वर तेव्हाच गावाहून उतरला होता, खांद्यावर पिशवी तशीच. दारात त्याच्या आईनेच, साखराबाईंनी, त्याला धरलं.

"आरं, नळ कावून बंद केलाय? बैलं हंबरायलीत. लेकरं बिनपाण्याची बसल्यात."

"बघतो, आई. थांब जरा."

तो धावत कंट्रोल रूममध्ये आला. पॅनेलकडे बघितलं आणि लगेच माझ्याकडे.

"बारा तू काढलेस व्हय बे?"

तेवढ्यात मामा आले, मागोमाग मोहनराव. मामांनी पॅनेल बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून खुर्चीवर टाकली.

"साहेब, आधी पंप बंद करा. मग सांगतो."

पंप बंद झाला. मामांनी सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी कोप्यांकडे जाणारा पाईप गाळाने सारखा तुंबायचा. म्हणून सिदूने टाकीच्या आत त्याचं तोंड तळापासून दोन फूट वर नेऊन वेल्ड केलं. कारखान्याचा पंप मात्र तळातूनच ओढतो. दोन फुटांच्या खाली पाणी गेलं की पंपाला मिळतं, कोप्यांना थेंब नाही. तेव्हा मामांच्या सांगण्यावरून उत्तरेश्वरने पॅनेलचं शून्य त्या पाईपाच्या तोंडाशी आणून ठेवलं.

दोन फूट म्हणजे साधारण साठ सेंटिमीटर. टाकी पाच मीटर उंच. मी मनात भागाकार केला. बारा टक्के.

यंत्राने मला खोटं सांगितलं नव्हतं. ते तारेतल्या प्रवाहाबद्दल बोलत होतं. टाकीत पाईप कुठं आहे हे त्याला कसं कळणार?

"हे कागदावर कुठंय?" मोहनरावांनी विचारलं.

"कागदावर न्हाई," मामा म्हणाले. "आमचं जेवताना ठरलतं. समद्यांना ठाव हाय."

"गहिनीनाथला नव्हतं."

"हां. त्यो जेवायला नसतो."

मोहनराव उत्तरेश्वरकडे वळले. "तुझी आई कोप्यांवर राहते ना? म्हणून पाणी लपवलंस?"

"लपवलं न्हाई, साहेब." तो शांतपणे बोलला, पण पिशवीचा पट्टा त्याने मुठीत आवळला होता. "मी लावलं तवा आई कर्नाटकात व्हती. जितकं समद्यांना मिळंल तितकंच दाखवलं."

"मी सांगितलं म्हनून केलं त्यानं," मामा म्हणाले.

"तुम्ही जूनमध्ये रिटायर होताय. तुम्ही काहीही अंगावर घ्याल." मोहनराव वैतागले होते; बाहेर बायकांचा आवाज वाढत होता. "कोप्यांना टँकर मागवा. गहिनीनाथ, रजिस्टर घेऊन केबिनमध्ये या. आणि तू, उद्यापासून यायचं की नाही ते मी कळवीन."

उत्तरेश्वरने पिशवी टेबलावर ठेवली आणि रबरी पाईप शोधायला गेला. टँकर दुपारशिवाय येणार नव्हता.

मोहनरावांच्या केबिनच्या खिडकीतून टाकी दिसते. मी लिहायला बसलो तेव्हा तो तिच्याखाली उताणा पडून तळाच्या गाळ काढायच्या कॉकला पाईप जोडत होता. कॉक गंजलेला असावा. त्याने दोन्ही पाय टाकीला लावून पाना ओढला. गढूळ पाणी भसकन त्याच्या छातीवर आलं आणि बायका हसल्या. बैलांना ते चालणार होतं. बायका पदर दुहेरी करून कळशीच्या तोंडावर धरत होत्या.

मी तारीख लिहिली. पाठवलेले प्रवाह आणि दिसलेले टक्के लिहिले. मग लिहिलं की पाईपाची उंची पाहता आधीची मांडणी योग्य होती आणि ती बदलणं ही माझी चूक झाली. मोहनराव खुर्चीमागे उभं राहून वाचत होते.

"ठीक आहे," ते म्हणाले. "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. नोंद न ठेवण्याचा दोष त्यांचा. तुमच्या नावाला काही होत नाही."

इथं पेन ठेवता आला असता. सगळे आकडे बरोबर होते आणि एकही वाक्य खोटं नव्हतं. मी ते पुन्हा वाचलं. वाचणाऱ्याला वाटलं असतं की हा मुलगा अजाण होता.

मी आणखी एक ओळ लिहिली: 'फरक सर्वत्र सारखाच असल्याने तो हेतुपूर्वक ठेवलेला आहे हे मला तपासणीच्या वेळीच समजले होते. तरीही मी संबंधितांना विचारले नाही.'

"हे कशाला?" मोहनराव म्हणाले. "खोडा."

"खोडलेलं दिसेल, साहेब."

"मग पान बदला."

मी हललो नाही. ते समोर येऊन बसले आणि माझ्याकडे नीट बघायला लागले.

"का विचारलं नाही?"

"तो चुकलेला हवा होता मला."

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. "ही ओळ राहिली तर मला तुमचं नाव पाठवता येणार नाही. आणि त्याला काढताही येणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

त्यांनी बेल वाजवली. क्लार्क शनिवारच्या बैठकीचा कागद घेऊन आला. मोहनरावांनी माझ्या नावावर रेघ मारली आणि उत्तरेश्वरचं पूर्ण नाव विचारलं. क्लार्कला ते येत नव्हतं. मला येत होतं. "उत्तरेश्वर आश्रुबा तांदळे," मी म्हणालो, आणि क्लार्कचं लिहून होईपर्यंत थांबलो.

मी टाकीकडे गेलो तेव्हा जागेचं त्याला काहीच माहीत नव्हतं. शर्ट चिखलाने अंगाला चिकटला होता.

"धर बे हे," त्याने पाईप माझ्या हातात दिला आणि तो कॉकची गळती बांधायला वाकला.

साखराबाईंनी कळशी पुढे केली. "नीट धर की रं, समदं खाली चाललंय." मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "नळ बंद केलता तरी कुणी?"



"कुणी न्हाई, आई," उत्तरेश्वर टाकीखालूनच म्हणाला. "पॅनेल बिघडलं व्हतं. आता झालं नीट."

"मी केला," मी म्हणालो.

साखराबाईंनी माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि पुढचीला कळशी लावायला जागा करून दिली. त्याने मला वाचवायला एक क्षणही घेतला नव्हता. मला खरं बोलायला तीन दिवस लागले होते. हेही त्यालाच सहज जमतं, असं मनात आलं. रांगेत अजून वीस कळशा होत्या. मी पाईप दोन्ही हातांनी धरला.