घरचं माणूस ओळखायचे तीन प्रश्न

दुकान निरीक्षक चंद्रप्रकाश सावंतला चकवणं घाटकोपरच्या दुकानदारांना जमत नसे. रविवारी शटर अर्धं ओढून आत गिऱ्हाईक करणारे, मागच्या दाराने माल सोडणारे, सगळे त्याला पाठ होते. तो कुणाचा चहासुद्धा घेत नसे, त्यामुळे त्याच्याशी बोलणंच खुंटे. आठवड्यातून एक दिवस दुकान बंद आणि त्या दिवसाची नोकराला भरपगारी सुट्टी, असा कायदा होता. त्यात पळवाट एकच होती. मालकाच्या कुटुंबातल्या माणसांना तो लागू नव्हता. म्हणून निरीक्षक दारात दिसला की दुकानातला नोकर एकाएकी शेठचा भाचा किंवा मेव्हणा होऊन जाई.

त्यावर चंद्रप्रकाशने आपल्यापुरता एक उपाय शोधला होता. तो नोकरालाच तीन प्रश्न विचारायचा.

पंच्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी भीमराज शेठच्या किराणा दुकानात त्याने ते विचारले. बंद शटरच्या आत धोंडिराम नावाचा चाळिशीचा माणूस साखरेच्या पुड्या बांधत बसला होता. शेठनी दोन्ही हात जोडून सांगितलं, की धोंडिराम नोकर नव्हेच, बारा वर्षं घरात राहतो, घरचाच आहे.

चंद्रप्रकाश धोंडिरामकडे वळला. "घरच्यांच्या पंगतीला बसून जेवतोस?"

धोंडिराम म्हणाला, सगळ्यांचं झाल्यावर जेवतो.

"अंथरूण कुठे असतं तुझं?"

त्याने मागच्या पोत्यांकडे बोट दाखवलं.

"आणि आत्ता, या घटकेला, बाहेर जायचं असेल तर कुणाला विचारावं लागतं?"

धोंडिरामने नुसतं शेठकडे पाहिलं. चंद्रप्रकाशने वहीत शेरा लिहायला घेतला. शेठ कुरकुरले, की सुट्टी देतो, पण त्या दिवसाचा पगार कापीन. चंद्रप्रकाशने वर न बघताच सांगितलं, की सुट्टीचा पगार कापता येत नाही, आणि तेही लिहिलं.

साडेबाराला तो मुलुंडला घरी पोचला तेव्हा जिन्यापर्यंत तळलेल्या सुरमईचा वास येत होता. आज त्याचा मेव्हणा हरेश्वर मालाडहून जेवायला येणार होता, बायको विमला आणि तिच्या आईला घेऊन. विमलाची आई या घरी पहिल्यांदाच येत होती, म्हणून चंद्रप्रकाशची बायको सुलक्षणा सकाळपासून जरा घाईला आली होती. ती विमा कंपनीच्या कचेरीत कामाला होती. घरात तिचे सासरे गुणाजी, गिरणीत पस्तीस वर्षं काढून छातीत दमा घेऊन आलेले. दिवसभर त्यांच्याजवळ कुणीतरी हवं, म्हणून दोन वर्षांपूर्वी सावंतवाडीकडची शेवंती राहायला आणली. पस्तिशीची, विधवा, कामाला वाघीण. महिना दीडशे रुपये, जेवणखाण, वर्षाला दोन लुगडी, आणि रविवारी दुपारनंतर सुट्टी, असं ठरलं होतं.

सुट्टीचं मात्र काहीतरी व्हायचं. कधी गुणाजींना ठसका लागायचा, कधी पाहुणे, कधी सुलक्षणाचं डोकं दुखायचं. "पुढच्या वेळी दोन रविवार लागोपाठ घे गं," असं सुलक्षणा मनापासून म्हणायची. शेवंती "बरं वहिनी" म्हणायची.

आजच्या रविवारची गोष्ट वेगळी होती, आणि ती फक्त शेवंतीला ठाऊक होती.

शेवंतीची दहा वर्षांची मुलगी जानकी कांजूरमार्गला मामाकडे राहून शाळेत जात होती. मामा काशीराम संपात बंद पडलेली गिरणी उघडेल या आशेवर तीन वर्षं थांबला आणि शेवटी थकला. शुक्रवारी तो येऊन बहिणीला दारातच सांगून गेला, की रविवारी चारला आपण बिऱ्हाड उचलून गावाला निघतोय. जानकीला नेलं तर तिची शाळा संपली. गावची शाळा चौथीपर्यंतच होती. एकच वाट होती. शेजारच्या कोळ्यांच्या पुतळाबाई पोरीला ठेवून घ्यायला तयार होत्या. पण त्या मासळी विकायच्या, आणि रविवार त्यांच्या धंद्याचा. त्या दिवशी पोरीकडे बघायला त्यांना जमणार नव्हतं. दर रविवारी आईने यायचं, एकही चुकवायचा नाही, आणि तसा शब्द तिने समोर येऊन द्यायचा. या रविवारी त्या मुद्दाम लवकर, तीनला घरी येणार होत्या. निरोपावर पोर ठेवून घ्यायची नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी शेवंतीने, रविवारी जरा कांजूरला जायचं होतं, एवढंच सुलक्षणाला विचारलं. पुढचं तिच्या तोंडून निघेना. हा एक रविवार मागायचीसुद्धा चोरी, तिथे सगळे रविवार कसे मागायचे? सुलक्षणा म्हणाली, "नेमका हाच रविवार सापडला तुला? पाहुणे आहेत गं." विषय संपला.

दीड वाजता पानं मांडली. गुणाजी भिंतीला टेकून बसले. हरेश्वरने काही गंमत सांगा म्हटल्यावर चंद्रप्रकाशने भीमराज शेठचा किस्सा रंगवून सांगितला. तिसऱ्या प्रश्नावर धोंडिरामने शेठकडे कसं पाहिलं, त्याची त्याने नक्कल करून दाखवली. हरेश्वरला हसताना ठसका लागला. विमलाच्या आईनेसुद्धा जावयाच्या मेव्हण्याचं कौतुक केलं. शेवंती मागे सोलकढीचं पातेलं घेऊन उभी होती. भिंतीवरच्या घड्याळात दोनला दहा कमी होते.

"वहिनी," ती म्हणाली, "मी जाऊ?"

सुलक्षणाला वाटलं, पाणी आणायला. शेवंतीने कांजूरचं नाव घेतलं तेव्हा तिचा चेहरा बदलला. पाहुण्यांच्या देखत! तिने आवाज खाली ठेवून विचारलं, की परवा सांगितलं होतं ना.

"आजचो पगार कापा, वहिनी," शेवंती म्हणाली. "सगळ्या रविवारचो कापा. पण माका तीनाक पोचूक होया."

चंद्रप्रकाशचा घास हातातच राहिला.

गुणाजींनी तिला जवळ बोलावलं आणि काय झालंय ते विचारलं. पातेलं तसंच हातात धरून शेवंतीने सांगितलं: काशीराम, गाव, शाळा, पुतळाबाईंची अट. सांगून झाल्यावर विमलाची आई ताटाकडे बघत राहिली.

सुलक्षणा गोरीमोरी झाली. "हे मला आधी नाही सांगितलंस. आणि दर रविवारी गं? मला तरी आठवड्याला दुसरा कुठला दिवस मिळतो? बाबांना कोण बघणार? आम्ही तुला परकी मानलंय का कधी? घरचीच आहेस तू."

"चंदू," गुणाजी म्हणाले, "ते तीन प्रश्न परत सांग बघू."

"बाबा, ते दुकानांसाठी."

"मग मी विचारतो. तिला नको, तू उत्तर दे. शेवंती कधी जेवते?"

चंद्रप्रकाशने ताटाकडे पाहिलं. सहा पानं मांडली होती. "आपलं झाल्यावर."

"निजते खंय?"

"स्वयंपाकघरात. सिलिंडरपाशी."

"आणि आत्ता तिला बाहेर जायचं असलं तर कुणाला विचारायला लागतं?"

चंद्रप्रकाशने मान वर केली. शेवंती सुलक्षणाकडे बघत होती. अगदी तसंच, जसं सकाळी धोंडिरामने शेठकडे पाहिलं होतं. थोड्या वेळापूर्वी नक्कल करून दाखवलेली ती नजर त्याच्या स्वतःच्या घरात उभी होती, आणि या वेळी हरेश्वर हसला नाही.

"कायदा घराला लागू होत नाही, बाबा," चंद्रप्रकाश म्हणाला. ते बोलतानाच त्याला स्वतःचा आवाज भीमराज शेठसारखा वाटला.

"नाय होत, ठाऊक आसा माका." गुणाजींना दम लागला होता. ते थांबले, श्वास घेतला. "गिरणीतसुद्धा एके काळी नव्हता. माझो आजो सांगायचो, महिना महिना उन्हात बाहेर येणं नाही. त्या लोकांनी भांडून रविवार मिळवला, म्हणून मी तुझ्या आईबरोबर चौपाटीवर जाऊन बसलो. तू रविवारी फेरी करतोस तर पालिका तुला बुधवार देते. सूनबाईचा रविवार तिचा आहे. मग हिचा गेला कुठे? तो आपण खाल्ला. आज या सुरमईबरोबर खातोय तो तिचाच रविवार आहे."

"तुम्हाला कोण बघणार पण?" सुलक्षणा हळू म्हणाली.

"तुम्ही दोघं बघा आठवड्यातून एक दिवस. मी तुमचा बाप, तिचा नव्हे."

घड्याळात दोन वाजले. चंद्रप्रकाशने बायकोला विचारलं, की दोन वर्षांत हिला रविवार मिळाले किती. सुलक्षणा मनात आठवू लागली. दिवाळीनंतरचा एक, गणपतीतला एक, काशीराम आजारी होता तेव्हाचा... एका हाताची बोटंही पुरी झाली नाहीत. ती उठली, मोरीवर जाऊन मासळीचा हात धुतला आणि शेवंतीच्या हातातलं पातेलं घेतलं.

"जा," ती म्हणाली. "त्या बाईंना सांग, दर रविवारी येशील. मी सांगितलंय म्हणून सांग."

"आणि पगार कापायचा नाही," चंद्रप्रकाश म्हणाला. "सुट्टीचा पगार कापता येत नाही." जेवण अर्धं टाकून तो रिक्षा बघायला जिना उतरला.

सोलकढी सुलक्षणाने वाढली. नंतर विमला आणि तिची आई न सांगता उठल्या आणि भांडी घासायला बसल्या. पाहुणे गेले तरी गुणाजी आडवे झाले नाहीत. सुलक्षणा दर थोड्या वेळाने घड्याळाकडे बघे. तीन वाजले, चार वाजले. पुतळाबाई उशिरा आल्या असतील तर? काशीराम पोरीला घेऊन आधीच निघाला असेल तर? पाच मिनिटांनी काय काय हुकलं असतं, याचा हिशेब तिला आता सुचत होता.

सातला शेवंती आली. तिच्या पदराला मासळीचा वास होता. पुतळाबाई सव्वातीनला आल्या होत्या. त्यांनी शेवंतीकडून तोच शब्द तीनदा वदवून घेतला. मग काशीरामने बांधलेली ट्रंक परत उघडली आणि जानकीचे दोन फ्रॉक आणि दप्तर बाहेर काढून पुतळाबाईंच्या फळीवर ठेवलं. एवढं सांगून शेवंती सवयीने मोरीकडे गेली, आणि घासलेली भांडी पाहून तिथेच थांबली. त्या रात्री सुलक्षणाने चार पानं मांडली.

एका दिवसाच्या भरात माणसं पुष्कळ काही कबूल करतात. खरी परीक्षा तिसऱ्या रविवारी झाली. सकाळी अकराला चंद्रप्रकाशचे गावचे चुलते, काही न कळवता, सहा माणसांनिशी दारात उभे राहिले. शेवंती केस विंचरून पिशवी घेऊन निघाली होती. तिने पाहुणे पाहिले, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि मुकाट्याने विळीवर बसून कांदा हातात घेतला.

सुलक्षणा क्षणभर दारात घुटमळली. सहा माणसं, एकटीचे दोन हात. मनात जुनंच वाक्य आलं होतं: पुढच्या वेळी दोन घे गं. ते तिने गिळलं.

"ऊठ," ती म्हणाली. "जानकी वाट बघत असेल."

चुलत्यांना तिने हसून सांगितलं, की आमच्या शेवंतीची आज सुट्टी असते, आज डाळ-भातावर भागवायचं, आणि लसूण सोलायला चुलतीच्या पुढ्यात ठेवला. चंद्रप्रकाश फेरीवर होता. पाणी गुणाजींनी भरलं, दर कळशीला थांबत.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्यापैकी कितीतरी घरांत अशी एक शेवंती आहे. तिच्यासाठी कुठलाही निरीक्षक वही घेऊन आपल्या दारात येणार नाही. तेव्हा ते तीन प्रश्न आपले आपणच विचारायला हवेत, पानावर बसण्याआधी. आठवड्याचा एक दिवस तिला द्यावा, ठरल्या वेळी द्यावा, पगार न कापता द्यावा, आणि पाहुणे आले म्हणून परत मागू नये. तो आपण तिच्यावर केलेला उपकार नव्हे. त्या दिवशी कुठेतरी एखादी जानकी वेणी घालून दारात बसलेली असते, आणि तो दिवस तिचाही असतो.