दक्षाची तोंडी परीक्षा

दक्षा सावलियांच्या घरात सून होऊन आली त्याला पंधरा वर्षं झाली, आणि या पंधरा वर्षांत ती सासऱ्यांशी एक अक्षर बोलली नव्हती. भांडण नव्हतं. अमरेलीकडच्या त्या गावात सून सासऱ्याशी बोलत नाही, एवढंच. ती पदर नाकापर्यंत ओढून म्हशीला सांगायची, "जेवण वाढलंय," आणि तीन हातांवर हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसलेले सासरे ओधवबापा उठून हात धुवायचे. बापांना काही सांगायचं असलं की ते खांबाला सांगायचे, डाळीत आज मीठ पडायचं राहिलं बहुतेक. नवरा सुरतेला हिरे घासायला. त्यामुळे घरातलं निम्मं बोलणं म्हैस आणि खांब यांच्याच वाट्याला यायचं, आणि दोघांनीही कधी कुरकुर केली नाही.

यंदा मात्र दक्षाची पंचाईत झाली. तालुक्याला मुलींच्या वसतिगृहात गृहमाता हवी होती. गावची शाळा आठवीला संपते, आणि तिची चार्मी आठवीत होती. जागा मिळाली तर मायलेकी तिथेच राहणार आणि पोरगी शिकणार, नाहीतर चार्मीनं पुढच्या वर्षीपासून शेणगोठा करायचा. आधी भाषेचा लेखी पेपर, मग विश्वस्तांसमोर तोंडी परीक्षा. आणि गावात भाषेचा जाणकार एकच, छत्तीस वर्षं मास्तरकी केलेले ओधवबापा.

तोड काढली सासूबाईंनी, म्हणजे बांनी. बांना अक्षरओळख नव्हती, पण अक्कल होती. "वही लिहून हिंचक्यावर ठेव," त्या म्हणाल्या. "वहीला काही पदर घ्यावा लागत नाही."

जुन्या प्रश्नपत्रिकेत होतं, 'अलिखित' या शब्दाचा वाक्यात उपयोग करा. दक्षानं लिहिलं, 'मी आज आईला पत्र लिहिले नाही, ते अलिखित राहिले.' संध्याकाळी वही परत आली ती तांबड्या शाईत न्हाऊन. बापांनी लिहिलं होतं, 'चूक. न लिहिलेलं सगळंच अलिखित नसतं. जे कुणी कधी सांगत नाही आणि तरी सगळे मुकाट्यानं पाळतात, ते अलिखित. घरात बघ, ढिगानं सापडेल.'

आता हे सुनेला सांगणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. दक्षानं दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'पहिला गरम रोटला बापांचा आणि शेवटचा गार रोटला सुनेचा, हा आमच्या घरचा अलिखित नियम आहे.' बापांनी बरोबरची खूण केली, आणि त्या दिवशी जेवताना खांबाला सांगितलं की आज आपल्याला गारच रोटला खायची इच्छा आहे. बा बघतच राहिल्या.

मग तिनं लिहिलं, 'हिंचक्यावर सून बसत नाही, हा अलिखित नियम आहे.' त्यावर शेरा आला, 'वाक्य बरोबर, माहिती खोटी. दुपारी माझा डोळा लागला की कड्या कोण वाजवतं ते मला ऐकू येतं.' दक्षा चुलीपुढे एकटीच हसली. या माणसाला चेष्टा करता येते हे तिला पंधरा वर्षांनी कळत होतं, आणि त्याचं तिला थोडं वाईटही वाटलं.

लेखी परीक्षा ती सहज पास झाली. तोंडीला आठ दिवस उरले तेव्हा तिनं मनातलं लिहून टाकलं. 'सून सासऱ्याशी बोलत नाही, त्यांचं नाव तर कधीच घेत नाही, हा अलिखित नियम आहे.' वही दोन दिवस परत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा खाली लिहिलं होतं, 'लेखी दहापैकी दहा. तोंडी शून्य. पहिलाच प्रश्न येईल, कुणाच्या घरच्या? काय करणार?'

मडक्यासमोर, आरशासमोर, म्हशीसमोर तिनं ते नाव घेऊन पाहिलं. 'ओ'पर्यंत जायची आणि तिथेच अडायची.

परीक्षेला बापाच तिला बसनं घेऊन गेले. खोलीत तीन वयस्क विश्वस्त बसले होते, आणि दार सताड उघडं. बाहेरच्या बाकावर बापा. मुली आजारी पडल्या तर काय कराल, रागावल्या तर काय कराल, सगळ्याची उत्तरं दक्षानं पदराआडून का होईना, नीट दिली. मग मधल्या काकांनी चष्मा वर केला आणि सहज विचारलं, "कुणाच्या घरच्या तुम्ही? सासऱ्यांचं नाव?"

दक्षानं पदर आणखी पुढे ओढला. काका थांबले, पेन खाली ठेवलं, शेजाऱ्याकडे पाहिलं. चार्मीची सगळी शाळा त्या पेनाशी येऊन अडली होती. दारातून तिला दिसलं, बापा बाकावरून उठताहेत. आपण समोर असल्यामुळे पोरीची जीभ उचलत नाही हे ओळखून म्हातारा फाटकाकडे निघाला होता, तिला मोकळं करायला. तिला भरून आलं. आता तो लांब जाईपर्यंत थांबलं की काम झालं असतं. पण तिला ते नाव त्यांच्या पाठीमागे घ्यायचं नव्हतं. तिनं पदर कपाळापर्यंत मागे सारला.

"ओधवजी वशराम सावलिया," ती म्हणाली, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा आवाजात.

बापा अंगणात जागच्या जागी ताठ झाले. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हाजर."

तिन्ही विश्वस्त खो खो हसले. मधल्या काकांनी पेन उचललं आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलीला घेऊनच रुजू व्हा म्हणून सांगितलं.

बसथांब्यापर्यंत बापा चार पावलं पुढे चालत होते, मान खाली. थांब्यावर खांब होता, पण ते त्याच्याकडे वळले नाहीत. रस्त्याकडे बघत पुटपुटले, "सवयीनं निघून गेलं तोंडातून. लोक काय म्हणाले असतील."

दक्षानं इकडेतिकडे पाहिलं. जवळपास म्हैसही नव्हती.

"तुमची सवय हजेरी घ्यायची, बापा," ती म्हणाली. "द्यायची नाही."