हम्वीतली आर्डिसची जागा

युद्धातून परत आलेल्या प्रत्येक गोष्टीला पुन्हा माणसात आणावं लागतं, आणि ते काम शेवटी घरच्यांच्याच गळ्यात पडतं. हा थोर विचार मला सुचला तेव्हा मी शेजारच्या डेलबर्टच्या गॅरेजमध्ये, लष्कराच्या जुन्या हम्वीच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून, कॉफीचा कप ठेवायची कडी बसवत होतो. पुढे कागदपत्रं नीट वाचल्यावर कळलं की ही गाडी युद्धाला गेलीच नव्हती. तिची बावीस वर्षं कॅन्ससमधल्या एका छावणीत, भटारखान्याचे बटाटे वाहण्यात गेली होती.

डेलबर्टनं ती लष्कराच्या लिलावात घेतली, निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात. आमच्याकडे नेब्रास्कात निवृत्त माणूस एक तर मासे पकडायला होडी घेतो, नाही तर बायकोच्या कामात लुडबुड करतो. तेव्हा हम्वी आली याचं शेजारी म्हणून मला बरंच वाटलं.

बेत मोठा होता. जूनमध्ये त्यानं आणि त्याच्या बायकोनं, आर्डिसनं, हम्वीतून मोंटानाला लेकीकडे जायचं, नऊशे मैल, आडरस्त्यांनी, मुक्काम तंबूत. आर्डिसनं मार्चमध्ये गाडीतून गावाला एक फेरी मारली आणि खाली उतरून सांगितलं की ती बसनं जाईल. डेलबर्ट सहसा काही मनाला लावून घेत नाही, पण हे त्याला लागलं. संसाराच्या चव्वेचाळीस वर्षांत दोघं लेकीकडे वेगवेगळे कधी गेले नव्हते. काय कमी आहे ते सांग, म्हणाला. आर्डिसनं सांगितलं. आम्हाला कागद घ्यावा लागला.

सीट म्हणजे फळी होती, तिच्यावर गादी हवी होती, शक्यतो गरम होणारी. आता लष्करी गाडीची वीज चोवीस व्होल्टची, आणि बाजारात मिळणारी गाडीची प्रत्येक वस्तू बाराची. हे हम्वीवाल्या प्रत्येकाला ठाऊक असतं आणि प्रत्येक जण एकदा विसरतो. डेलबर्टनं गादी थेट जोडली. गादी गरम झाली. सुदैवानं त्या वेळी तिच्यावर मी बसलो होतो, आर्डिस नव्हती.

मग व्होल्ट कमी करणारा डबा आला, तसलीच दुसरी गादी आली. कापडी दारं जाऊन पत्र्याची आली. पाय वर घ्यायला त्रास होतो म्हणून मोडीतल्या कापणीयंत्राची शिडी कापून पायरी केली. गाडीच्या नाकाला विंचही लागली, म्हणजे तारेचा दोर गुंडाळणारं चाक, जी कागदावर नव्हतीच. ही कशाला, असं आर्डिसनं विचारलं. चिखलात रुतलो तर ओढून काढायला, असं डेलबर्ट म्हणाला.

“म्हणजे रुतायचं नक्की झालंय,” आर्डिस म्हणाली आणि घरात गेली.

एप्रिलच्या अखेरीस कागदावरच्या प्रत्येक ओळीपुढे खूण झाली. आर्डिस पायरीवरून चढली, गादीवर बसली, कडीत कप ठेवला. दोघं तळ्यापर्यंत जाऊन आले. उतरल्यावर तिनं सगळ्याचं कौतुक केलं आणि बसचं वेळापत्रक विचारलं.

डेलबर्ट हातातला पाना तसाच धरून उभा राहिला. आता काय राहिलं, असं त्यानं अगदी हळू विचारलं. त्याच्या मानानं हळू.

“तू राहिलास,” आर्डिस म्हणाली. “चव्वेचाळीस वर्षं गाडीत मी तुझ्या शेजारी बसतेय. यात तू पलीकडच्या गावाला बसतोस. वळणावर मी ‘हरीण’ म्हणून ओरडले, तर तू म्हणालास, ‘हो, छान आहे.’”

तिचं खरं होतं. हम्वीत पुढच्या दोन सीटांच्या मध्ये जेवायच्या टेबलाएवढा उंचवटा असतो, आणि आवाज असा की खिळे भरलेल्या पिंपात बसल्यासारखं वाटतं. त्यात डेलबर्टची एकतीस वर्षं धान्याच्या कोठारात, मोठ्या पंख्यांशेजारी गेलेली. कानाचं यंत्र घ्या, असं डॉक्टर केव्हाचे सांगत होते. डेलबर्टच्या मते त्याचे कान ठीक होते, काउंटीतले लोक हल्ली पुटपुटायला लागले होते.

 चौथ्या दिवशी डेलबर्ट लष्करी भंगारवाल्याकडून दोन संच घेऊन आला. रणगाड्यातले सैनिक एकमेकांशी बोलायला घालतात ते, वाडग्याएवढे कानटोप आणि तोंडापुढे माइक. ते चोवीस व्होल्टवरच चालत होते. पहिल्यांदाच एखादी वस्तू त्या गाडीला थेट जोडता आली. वाटाण्याएवढं यंत्र कानात घालायला लाजणारा माणूस ते किलोभर वजन डोक्यावर चढवून आरशात बघत होता.  मलाही एकदा घालून बघायचं होतं.

रविवारी चर्चनंतर आम्ही निघालो. मी मागे बसलो होतो, मला संच नव्हता. पाण्याच्या टाकीपाशी आर्डिसचे ओठ हलायला लागले. पुढचे अठरा मैल ते थांबले नाहीत. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. एका जागी डेलबर्टनं गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि समोरच्या नांगरलेल्या रानाकडे बघत तो नुसता ऐकत राहिला. आर्डिसची बहीण व्हर्ना जानेवारीत वारली होती. हे मला डेलबर्टनं नंतर सांगितलं: हिवाळाभर आर्डिस रोज जेवताना व्हर्नाबद्दल बोलत होती आणि तो मान डोलवत होता. त्याला वाटायचं, ती हवामान सांगतेय.

गॅरेजमध्ये परत आल्यावर त्यानं इंजिन बंद केलं. कानटोप कोणीच काढले नाहीत.

“मग?” त्यानं विचारलं. “मोंटाना?”

आर्डिसनं कानटोप काढून मांडीवर ठेवला. त्याची वायर ती बोटानं चाचपत गेली, डॅशबोर्डखाली जिथे जोडली होती तिथपर्यंत.

“येईन,” ती म्हणाली. “पण जूनला अजून चार आठवडे आहेत. ही वायर स्वयंपाकघरापर्यंत पुरते का, तेवढं बघ.”