कडी काढलेला दरवाजा

मी दरवाजा. आयुष्यभर लोकांचं ऐकत आलो. आज जरा माझंही ऐका.

मला या घरच्या सुतारानं स्वतःच्या हातांनी घडवलं. त्यापायी गिऱ्हाइकांची कामं खोळंबली, बायकोची बोलणी खावी लागली. पण माझ्या फळ्या त्यानं पुरत्या वाळू दिल्या. "दार फुगलं तर सुताराची लाज जाते," म्हणायचा. वर पितळेची कडी बसवली. मी तोऱ्यातच उभा असायचो, खोटं कशाला सांगू?

मग बाजारात बॉम्ब फुटला. माणसं मेली, आमच्या गल्लीतलीही. सरकारनं नवा कायदा केला: संशय आला की कुणाच्याही घरात घुसायचं, कारण सांगायचं नाही.

पहिल्यांदा शिपाई आले ते भर दुपारी. हाक नाही, थाप नाही, सरळ लाथ. मी चौकटीसकट निखळलो. सुतार जेवत होता. सगळी कपाटं उपसून झाल्यावर कळलं, त्यांना मागच्या गल्लीतलं घर हवं होतं! माफी कुणी मागितली नाही. सुतारानं मला मुकाट्यानं दुरुस्त केलं. महिन्याभरानं पुन्हा तेच. नंतर तिसऱ्यांदा.

तेव्हा त्यानं कडीच काढून टाकली. "चोरांच्या भीतीनं लावली होती," तो बायकोला म्हणाला, "आता रखवालदारांच्या भीतीनं काढतोय. येऊ देत बापडे, दार तरी वाचेल."

चौथ्या खेपेला साहेबानं मला नुसता हात लावला, तर मी सताड उघडलो. साहेब चक्रावला.

"कडी का नाही? कोण येतं-जातं इथं?"

"कुणी नाही, साहेब. तुम्हीच येता."

मला हसू आलं. साहेबाला आलं नाही. सुताराचा एकुलता एक मुलगा शाळेत गणित शिकवतो. तो वह्या तपासत बसला होता, त्यालाच उचलून नेलं.

अकरा महिने गेले. या कचेरीतून त्या कचेरीत, उत्तर एकच: चौकशी चालू आहे. तेवढ्यात सरकारनं सीमेपलीकडे युद्धही पुकारलं. जनता आता निर्धास्त झोपते, असं मंत्री रोज रेडिओवर सांगायचे.

"त्यांना म्हणावं, एकदा इथं येऊन झोपा," असं म्हणत मुलाची आई रेडिओ बंद करायची.

गेल्या आठवड्यात मुलगा सुटला. आरोप नाही, कागद नाही. मी उघडाच होतो, तरी तो बाहेर थांबला. मान खाली, हात पाठीमागे.

"आत येऊ का?"

"अरे, हे काय विचारणं झालं? तुझंच घर ना!" आईला रडू आवरेना.

अजूनही तो विचारतो. नळावर जाऊन आला तरी विचारतो. सुतार दर वेळी रंधा बाजूला ठेवून "ये बाळा" म्हणतो.

मंत्रीसाहेब, बॉम्ब ठेवणाऱ्यांना जरूर पकडा, मी आडवा येणार नाही. लाथांचंही मला काही नाही. मी लाकडाचा, चार वेळा मोडलो तरी सुतार मला पाचव्यांदा उभा करील. पण या पोराला कसं नीट करायचं, ते त्याला उमगत नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा.